मिलिंदची शेवटची रेस आणि मी गेट जज

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. नाहीतर नाकातून येईल!

आमच्या मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्लालमचं वेड लागलं. म्हणजे काय, तर स्कीवर उभं राहून उतारावरून सुटायचं आणि लाल-निळ्या काठ्यांच्या जोड्यांमधून नागमोडी खाली यायचं. काठ्यांची एक जोडी म्हणजे एक गेट. आणि हे कुठे? नॉटिंगहॅमजवळ! इथे कुठला आलाय बर्फ? प्लास्टिकच्या ब्रशांचा उतार. पडलं की कोपरं सोलून निघतात. अख्खा सीझन मी त्याला क्रीम चोपडत होते.

प्रत्येक रेसमध्ये हा शेवटून पहिला. पण एकही रेस अर्धवट सोडली नाही, एकदाही बाद झाला नाही. त्याला त्याचा केवढा अभिमान! आणि खरं सांगू? मलाही.

सीझनच्या शेवटच्या रेसला नेमके गेट जज, म्हणजे गेटपाशी उभं राहून कोण चुकलं ते टिपणारे, कमी पडले. क्लबच्या मुख्य पंच मार्गारेटबाई माझ्याकडे आल्या. "वुड यू माइंड, लव्ह?"

एवढं लाडानं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? मला शेवटचं गेट मिळालं. सगळ्या जजना नियम समजावून सांगितले तेव्हा मी कॉफीच्या लाइनीत होते. पण त्यात समजायचं काय? स्कूटरच्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास. तसंच इथे काठीला धक्का लागला की बाद!

पहिला पोरगा सुसाट आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं काठीला फाडकन हात मारून ती आडवी केली. एवढी मुजोरी? बाद! दुसऱ्यानं नडगीनं उडवली. बाद! तिसरा तर काठीच्या अंगावरच धावून गेला. बाद, बाद, बाद! वरच्या गेटवरचे आजोबा "ब्यूटिफुल!" म्हणत टाळ्या पिटत होते. म्हटलं, यांना मोतीबिंदू झालाय.

सगळ्यात शेवटी मिलिंद. सावकाश, पोक काढून, जिभेचं टोक बाहेर. काठीला स्पर्शसुद्धा नाही! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

बाद झालेल्यांची नोंद केलेलं कार्ड मार्गारेटबाईंना दिलं आणि धावत त्याच्याकडे गेले. "मिलिंद, तू जिंकलास!"

"अगं, कसं शक्य आहे?"

"बाकी सगळे बाद!"

तो गॉगल काढून पुसायला लागला. तोवर मी पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. त्यांनी आनंदानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू बाल्कनीत आल्या.

तेवढ्यात मार्गारेटबाई माझं कार्ड घेऊन हजर. "लव्ह, एव्हरीवन?"

"सगळ्यांनी काठ्या पाडल्या," मी ठणकावलं.

"पाडायच्याच असतात! जितकं खेटून जाल तितका रस्ता जवळचा. म्हणून तर नडगीला पॅड बांधतात. दोन्ही पाय गेटमधून गेले म्हणजे झालं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्यांचं 'बाद' परत घेतलं. पण नवऱ्याचं कौतुक काही सुटेना.

"माय हजबंड मात्र काठीच्या जवळपाससुद्धा गेला नाही!" मी दोन्ही हात फैलावले. "इतका लांब होता! पार बाहेरून गेला!"

मार्गारेटबाईंचं पेन थांबलं. "आउटसाइड द गेट?"

"येस!" मी छाती फुगवून म्हटलं. "कम्प्लीटली आउटसाइड!"

झालं. माझ्याच साक्षीवर मिलिंद बाद. अख्ख्या रेसमध्ये तो एकटाच.

"गॉगलवर वाफ आली होती गं," तो बिचारा पुटपुटला. "शेवटचं गेट दिसलंच नाही."

आणि मी त्याच्या हातात दिलेला फोन अजून चालूच!

"काय रे, काय झालं?" सासूबाई ओरडल्या.

"बाद झालो, आई."

"माझ्या लेकाला बाद केलं? कोण ती भवानी? दाखव मला तिचं तोंड!"

मिलिंदनं शांतपणे कॅमेरा माझ्याकडे वळवला.