आक्काची तीन बोटं

सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, डोळे मिटायला सांगितले. आठ महिन्यांपूर्वी काचेने तिचे उजवे मनगट कापले होते. अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांचा स्पर्श मेंदूला कळवणारा मज्जातंतू तुटला होता. तो टाके घालून जोडला. आक्का पैठणी विणते. तुटलेला रेशमाचा धागा बोटांना कळला नाही, तर मागावर बसून उपयोग नसतो.

डॉक्टरांनी बोटावर कापूस टेकवला.

"कापूस काय लावता? रेशीम लावा," आक्का म्हणाली. तिने पिशवीतून धागे आणले होते.

तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर वीतभरही नाही. तेवढे अंतर तो कातडीखालून, कोणाला न दिसता, रोज थोडे थोडे चालून गेला होता. पैठणीही रोज बोटभरच पुढे सरकते.

डॉक्टर एकेक धागा तिच्या चिमटीत देत गेले.

"हा एकपदरी. हा दुपदरी." तिसऱ्याला ती हसली. "हा तुमच्या बँडेजचा. फसवता होय मला?"

तिन्ही उत्तरे बरोबर होती.