घोडीची झूल

दरवर्षी दिवाळी झाली की जेठमल अक्कलकुव्याहून घोडीवर मीठ आणि कापड लादून सातपुड्यात जाई, आणि तीळ, डिंक घेऊन खाली उतरे. तेव्हा वर मोटार जात नव्हती. मुक्काम पडे त्या गावी कोणाच्या तरी पडवीत, मालाशेजारी झोपायचे. मागच्या कार्तिकात दवाने त्याची रजई भिजली आणि छाती धरली. होळीपर्यंत तो खोकत होता, आणि त्याची बायको सायरबाई जागत होती.

यंदा तिने मिठाच्या गोण्या धुऊन एकमेकींना जोडल्या, आत कापूस पसरला, अंगाला टोचू नये म्हणून आपल्या लाल फुलांच्या घागऱ्याचे अस्तर लावले आणि तिन्ही बाजू शिवून टाकल्या. वरून आत शिरायचे नि गळ्याशी नाडी ओढायची.

रजई आणि ही गोणी तिने शेजारी शेजारी मांडली. "काय नेता?"

"माणूस कुठं गोणीत झोपतो का?"

"शिरून तर बघा."

तो शिरला, आणि दुपारी दुकान उघडायची वेळ झाली तरी बाहेर आला नाही. रजई घरीच राहिली.

निघताना थोरल्या भावाने, हस्तीमलने, दुकानातूनच हाक मारली, "अरे जेठा, स्वतःलाच भरून विकायला निघालास? तोंड बांधायला सुतळी तरी ने!" गिऱ्हाइके हसली. जेठमलने गोणी मिठाखाली दडपली.

वर डोंगरात, मोलगी गावाच्या पुढे एका पाड्यावर करणसिंगचे घर होते. जेठमलचा मुक्काम नेहमी तिथेच. संध्याकाळी अंगणात शेकोटीभोवती माणसे बसली होती. त्याने माल उतरवला तेव्हा गोणी घसरून उलगडली आणि आतली लाल फुले सगळ्यांसमोर आली.

"शेठ, हाऊ घागरा कोना शे?" कोणीतरी विचारले. बाजारात बोलतात तशी अहिराणी सगळ्यांनाच येत होती, आणि सगळेच हसले.

त्या हसण्यात जेठमलला निघतानाचे दुकानातले हसूही ऐकू आले. "घागरा नही," तो म्हणाला, "घोडीनी झूल शे."

"मंग तिले घालूत ना!" करणसिंग उठला. पाहुण्याच्या जनावराची सोय त्याला पाहुण्याच्या सोयीइतकीच महत्त्वाची होती. झूल शिवून बंद केलेली पाहून त्याला नवल वाटले. त्याने विळा आणला.

पहिला टाका कापला जाईपर्यंत जेठमलला बोलता आले असते. सायरबाई दिवाळीच्या कामातून उठून दिव्याशी बसून शिवत होती, ते त्याने पाहिले होते. तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. करणसिंगने एकेक शिवण हलक्या हाताने उसवली, कापड कुठे फाटू दिले नाही.

"तुन्ही घोडी मोठी भागवान शे! आनि तुन्हं आथरून?"

"माले थंडी लागत नही," जेठमल म्हणाला.

तो खोकतच घरी परतला. सायरबाईने ओझे सोडले. अस्तराला घोडीचे केस चिकटले होते. तिने एक केस चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"ऊब होती?"

"होती."

"घोडीला आवडली दिसते."

ती रागावली असती तर त्याला काही बोलता तरी आले असते. तिने मुकाट्याने कापड धुतले, कडा दुमडल्या, पोटाखाली बांधायला बंद लावले आणि खरोखरीची झूल करून टाकली. बाजारात घोडी निघाली की लोक म्हणत, झूल काय सुरेख! जेठमल पुढे बघून चालू लागे.

पुढच्या दिवाळीला तिने न विचारता रजई बांधून ठेवली.

"अजून एक गोणी शिवशील?" त्याने विचारले.

"कोणासाठी?"

त्याने बांधलेली रजई बाजूला सारली. "माझ्यासाठी."

"मग गोण्या तुम्हीच धुऊन आणा. नदीवर. दिवसाढवळ्या."

तो गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहून गोण्या घासू लागला. काठावरून हस्तीमल ओरडला, "शेठजी, गडी मेले का सगळे?"

"माझं अंथरूण आहे," जेठमल म्हणाला.

"काय?"

त्याचे बोलणे काठापर्यंत पोचलेच नव्हते. खालच्या अंगाला धुणे धुणाऱ्या बायकाही थांबल्या होत्या. त्याने ते पुन्हा सांगितले, मोठ्याने, घागऱ्याच्या अस्तरासकट.

हस्तीमल हसत निघून गेला. त्याच्या हसण्याचे जेठमलला काही वाटले नाही. काठावर घोडी लाल फुलांची झूल पांघरून चरत होती. तिच्याकडे मात्र त्याला बघवेना.