ग्लोव्हज विकून घेतलेला झेल

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, हजामतीत एक नंबर आणि व्यवहारात भोपळा. दोन खुर्च्यांचं सलून आहे त्यांचं. वस्तऱ्यापेक्षा जीभ जास्त चालते, पण त्यांच्या हातून कुणाच्या गालावर ओरखडा उठलेला मी पाहिला नाही.

सलूनमध्ये आरशाखाली काचेच्या पेटीत आमच्या बाबांचे विकेटकीपिंगचे ग्लोव्हज असायचे. बाबा कारखान्याच्या संघाचे कीपर. आम्हा दोघी बहिणींना क्रिकेटचं वावडं, म्हणून ताईच्या लग्नात त्यांनी ते जावयाच्या ओंजळीत ठेवले. दाजींना तेव्हा रडू फुटलं होतं.

मग त्यांच्या फोनमध्ये एक कंपनी शिरली. एका नामवंत कीपरच्या झेलाची छोटीशी चित्रफीत, क्रमांक घातलेलं डिजिटल कार्ड म्हणून विकत मिळत होती. "याला कसर लागत नाही," दाजी म्हणाले. "बघच, दामदुप्पट होतात." काही दिवसांत पेटी रिकामी झाली. शिवण उसवली म्हणून ग्लोव्हज दुरुस्तीला दिलेत, असं त्यांनी बाबांना सांगितलं. खरं मला ताईकडून कळलं. जुनं क्रीडासाहित्य विकणाऱ्या दुकानदाराला ते विकून दाजींनी कार्ड घेतलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी! मी त्यांना फाडफाड बोलले.

"कार्डाचा भाव वर गेला की आधी ग्लोव्हज परत विकत आणतो," ते म्हणाले. "बाबांना एवढं सांगू नकोस."

ताईच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले.

कार्ड थोडं वर गेलं. दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवायचे. बाकावरच्या एकाने तोच झेल आपल्या फोनवर फुकटात लावला. "तुझा फुकटचा, माझा मालकीचा," दाजी म्हणाले आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले. पुढे भाव उतरला, मग घेणाराच मिळेना. शेवटी कंपनीने गाशा गुंडाळला आणि झेलाच्या जागी एक राखाडी चौकोन उरला.

बाबांची दाढी दर रविवारी दाजींच्याच हातची. गुडघ्यांमुळे मी त्यांना घेऊन जाते. बाबा विचारायचे, "झाली का शिवण?" समोर भिंतभर आरसा, न्हाव्याने तोंड लपवायचं कुठे? दाजी बाबांची खुर्ची दाराकडे फिरवायला लागले. म्हणे इकडे उजेड बरा. बाकी सगळी गिऱ्हाइकं आरशाकडे आणि आमचे बाबा रस्त्याकडे. मला बाकावर बसवत नसे.

गेल्या रविवारी तोंडाला फेस लागल्यावर बाबा म्हणाले, "जावईबापू, खुर्ची आरशाकडे फिरवा."

दाजींनी फिरवली.

"ग्लोव्हज पाहिले मी. औषधाच्या दुकानाशेजारी, काचेत ठेवलेत. शिवण शाबूत आहे. किंमतही विचारली. मला परवडणारी नाही."

दाजींचे कान लाल झाले. मी जमिनीवरचे केस बघत राहिले.

"चुकलं माझं, बाबा."

"त्याचं काय घेतलंत, ते तरी दाखवा."

दाजींनी फोन पुढे धरला. बाबांनी माझ्याकडून चष्मा मागून घेतला आणि फेसाळल्या तोंडाने तो राखाडी चौकोन बराच वेळ पाहिला.

"कीपर कोणता हा?"

"आता दिसत नाही, बाबा."

बाबांनी फोन परत दिला, चष्मा माझ्या हातात दिला. मग नेहमीसारखी हनुवटी वर करून त्यांनी गळा पुढे केला आणि डोळे मिटले.

दाजींनी वस्तरा उचलला. बाबांच्या गळ्यापर्यंत नेला. त्यांनी तो खाली ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराला हाक मारली.