शिवलेल्या पोत्यांतले निकाल

पूर्वी कोर्टात जुन्या निकालाचा दाखला द्यायचा तर जाडजूड पुस्तक उचलून न्यावं लागे. पानात चिठ्ठी. पुस्तक आधी समोरच्या वकिलाच्या हाती द्यायचं, त्याने पान बघून मान हलवली की मग न्यायाधीश साहेबांपुढे ठेवायचं. या रिवाजात वेळ जाई, बाहीला धूळ लागे आणि थाप मारणं अवघड होई.

मी अमरावतीचा. अकोला रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या कोर्टात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा दावा चालवतो. भाड्याचं दुकान, दोन मशिनी. निकाल लागेपर्यंत घरमालकाने त्यांना बाहेर काढू नये, अशी कोर्टाची मनाई होती. त्या मनाईवर घर चालत होतं.

यंदा तिथल्या वकिलांनी लायब्ररीत एआयवाला संगणक बसवला. साहेबांच्या हस्ते फीत कापली, नारळ फोडला, आणि दर भाषणात एकदा क्रांती झाली. टेबलाला जागा हवी म्हणून पुस्तकं पोत्यांत भरून सायकल स्टँडमागच्या खोलीत टाकली. ग्रंथपालांना हार घालून घरी पाठवलं.

त्यानंतरच्या तारखेला घरमालकाच्या वकिलाने एक छापील कागद वाचून दाखवला. अशा भाडेकरूला संरक्षण नाही, असा उच्च न्यायालयाचा निकाल, खंड आणि पान क्रमांकासकट. मी पुस्तक मागितलं.

"पुस्तक? कोन्या जमान्यात राह्यता भाऊ? मशीनच काढून देते आता सारं," तो हसत म्हणाला.

साहेबही हसले. मनाई उठली.

जेवणाच्या सुट्टीत मी आणि माझ्या पक्षकार बाई सायकल स्टँडमागच्या त्या खोलीत गेलो. पोत्यांची तोंडं सुतळीने शिवलेली. बाईंनी पर्समधून कातर काढली आणि टाके उसवत गेल्या. शिंकत शिंकत तो खंड सापडला. त्या पानावर रेल्वेत हरवलेल्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यांचा खटला होता. मागची पुढची पानं पाहिली, सूची पाहिली. तो निकाल कुठेच नव्हता. मशीनने तो रचला होता. मशीनवर काय चिडायचं? पण वकिलीची सनद घेतलेल्या माणसाला एक पान उघडून बघता येऊ नये, याचा संताप अजून उतरलेला नाही.

दुपारी पुस्तक चिठ्ठी घालून आधी त्या वकिलाच्याच हाती दिलं. त्याने मान हलवली नाही. "टेक्निकल मिस्टेक असंल, साहेब," म्हणाला. साहेबांनी पुस्तकाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. लेखी अर्ज द्या, समोरच्यांचं म्हणणं येऊ द्या, म्हणाले. तारीख पुढच्या महिन्याची. तोवर मनाई? मी विचारलं. तेही अर्जासोबत बघू. याच साहेबांना कोर्टात कुणाचा मोबाइल वाजला तर फार राग येतो.

बाहेर आलो तोवर बाईंना शेजारच्या दुकानातून फोन आला होता. घरमालकाने कुलूप ठोकलं. मशिनी आत, लोकांचे लग्नाचे ब्लाउज आत.

"वकीलसाहेब, तो कागद खोटा होता ना?"

"हो."

"साहेबाले समजलं ना ते?"

"समजलं."

"मंग कुलूप माह्या दुकानाले काहून?"

कातर अजून त्यांच्या हातातच होती. दुकानातलं तेवढंच बाहेर उरलं होतं.