व्याह्यांचा साबण

आमच्या न्हाणीघराच्या दाराला आतून सिटकनी, म्हणजे कडी, नाही. आत गेलेला माणूस मोठ्यानं गाणं म्हणतो आणि बाहेरचा माणूस ते ऐकून परत फिरतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावी, चांगल्या पक्क्या घरात, ही सोय मी एकट्यानं स्वतःच्या हातांनी करून दिलेली आहे.

त्याचं असं झालं. आमच्या रोशनीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मलाजखंडला नोकरीला, स्वभावानं गाय. त्याचे वडील, म्हणजे आमचे होणारे व्याही (आमच्या बोलीत इवाई), लामत्याचे आणि स्वभावानं उरलेला सगळा गोठा! साक्षगंधाच्या पंगतीत त्यांच्या पानात तूप पडलं ते भात संपल्यावर. तेव्हापासून ते आमच्याशी नाकातून बोलत होते. आता लग्नाची तारीख पक्की करायला नवराबायको येणार होते. रोशनीनं मला कोपऱ्यात गाठून बजावलं, "पापा, प्लीज, इस बार कुछ करना मत. बस बैठे रहना." (लेकीचा बापावर केवढा हा विश्वास!)

कुणाकडेही गेले की आधी आंघोळ, मग चहा, मग बोलणं, ही व्याह्यांची जगजाहीर सवय. म्हणून बायकोनं पाहुण्यांसाठी चंदनाचा नवा कोरा साबण वेष्टन काढून साबणदाणीत ठेवला. घरच्यांनी त्याच्याकडे नुसतं बघायचंसुद्धा नाही! आणि नेमकी त्याच सकाळी दाराची जुनी सिटकनी निखळून माझ्या हातात आली.

"सुताराले बोलवा जी," बायको म्हणाली.

"चार पेच पिळाले सुतार? काहून? मी का मेलो काय?"

"तसं नाही जी. तुमी जित्ते आहा म्हणूनच भेव वाटते!"

असल्या बोलण्याकडे कर्तबगार पुरुष लक्ष देत नाही. मी नवी सिटकनी आणली, पेचकस (तुमचा स्क्रू-ड्रायव्हर) उचलला आणि भिडलो. पण दार अस्सल सागवानाचं. बैहरकडच्या जंगलातलं ते झाड कापताना करवतच रजेवर गेली असणार! पहिल्या जोरात पेच जागच्या जागी राहिला आणि मीच त्याच्याभोवती फिरलो. दुसऱ्या जोरात पेचाच्या डोक्यावरची खाच गेली. तिसऱ्या जोरात माझ्या तळहाताचं कातडं गेलं.

"अजी, पेचाले जरासं साबण लावा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "मंग पाहा कसा सरसर जाते!"

'जरासं' हा शब्द मला आयुष्यात कधी समजलेला नाही. थोड्यानं भागतं तिथे पुष्कळानं जास्त भागणार, हे माझं शास्त्र. घरचा साबण झिजून नखाएवढा उरलेला, तो चिमटीत येईना. आणि शेजारीच ती गुबगुबीत चंदनी वडी! मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एकेक पेच तिच्यात मुंडक्यापर्यंत खुपसून, घोळवून बाहेर काढला. शिवाय (डोकं एकदा चालायला लागलं की थांबतं होय?) प्रत्येक जागी आधी जाडजूड खिळा ठोकून ऐसपैस भोक पाडून घेतलं.

काय सांगू! पेचकसाची गरजच पडली नाही. पेच नुसत्या अंगठ्यानं आत गेले! दाखवा असा सुतार! शेवटी एक पेच कमी भरला. मोरीत गेला असेल, म्हणून सोडून दिला. चिंता साबणाची होती, कारण वडीची चाळणी झाली होती. मी ओलं बोट फिरवून झकास गिलावा केला. वडी पुन्हा कुमारी!

दुपारी पाहुणे मोटरसायकलवर धुळीनं माखून आले. व्याही ओट्यावरूनच म्हणाले, "पयले आंघोळ." आत गेले, सिटकनी लावल्याचा 'खट्' आवाज आला आणि माझी छाती फुगली.

आता व्याह्यांच्या डोक्यावर एकही केस नाही आणि ते साबणाची वडी थेट टाळूवर घासतात, हे मला कुणी सांगितलं होतं का?

"अर्रर्र बाप्पाऽऽ! मेलो वोऽऽ!"

मी धावलो. "काय झालं जी?" म्हणत दारावर अगदी अदबीनं थाप मारली. बस, थापच! सिटकनी पेचांसकट सुटून बादलीत बुडाली, दार भिंतीवर आदळलं आणि त्याच अदबीनं मीही आत जाऊन पडलो. समोर पाटावर, चड्डीवर, फेसात न्हालेले व्याही. टाळूपासून कपाळापर्यंत लालभडक रेघ. माझ्या मागे बायको, विहीणबाई आणि चहाचा ट्रे घेतलेली रोशनी!

व्याह्यांनी वडी वर धरली. तिच्यातून एक टोक चमकत होतं.

"हे काय होय, इवाई?"

"पेच होय जी. मी त्यालेच ढुंढून राह्यलो होतो!"

"पापाऽऽ!" रोशनी किंचाळली.

"माझे कपडे आना! आमी निघतो!" व्याही कडाडले. "नाही पाह्यजे हे सोयरिक!"

रोशनीचा चेहरा पांढरा पडला. बायको माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, त्या नजरेनं सागवानातही भोक पडलं असतं. आणि तेवढ्यात विहीणबाई उंबरठ्यावर मटकन बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. पण बाई पोट धरून हसत होत्या!

"जा तुमी एकले!" त्या डोळे पुसत नवऱ्याला म्हणाल्या. "मी काई येत नाही. या माणसाले ओरखडा काढाची हिंमत आजपर्यंत कोनाची झाली नाही वो बाई! इवाईनं माझं काम केलं. माझ्या पोराले हेच सासर पाह्यजे!"

"तू चूप राह्य!"

"नाही राहत!"

शेवटी टाळूला हळद लागली, चहा झाला, तारीखही पक्की झाली. व्याह्यांनी मानपानाची एकच अट घातली: "तूप उशिरा वाढा, चालते. पन लग्नात इवाईनं मांडवाच्या कोनत्याच खिळ्याले हात लावाचा नाही." ही अट सगळ्यात आधी कुणी मान्य केली? रोशनीनं!

जाताना व्याह्यांनी ती वडी माझ्या हातावर ठेवली. नंतर ती वाळून कडक झाली. मी पेचकस लावला, पकड लावली, दात लावले, पण आतला पेच तसूभर हलला नाही. माझ्या हातून आयुष्यात पक्का बसलेला पेच तो एवढा एकच!