दगड सोडायची रेघ

फ्रीझर उघडला की तो गार वास येतो आणि माझी मूठ आपोआप वळते. आयर्लंडला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने मला कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानात उभं केलं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पडले तर संपलंच! वाकता येत नाही म्हणून लांब दांड्याने जड दगड ढकलत चालायचं आणि रेघेच्या आधी सोडायचा. मला तर त्याचाच आधार वाटत होता. "आई, रेघ आली, सोड!" लेक ओरडली. "पडेन गं!" म्हणत मी तशीच रेघ ओलांडली. दगड बाद. दुसऱ्या खेपेला मात्र डोळे मिटून सोडला. दगड एकटाच पुढे गेला. मी उभीच होते. आता फ्रीझरपर्यंत भिंत न धरता जाते. घाबरत घाबरतच, पण जाते.