फोटोवाल्याची मिशी

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळायला लागलेत, पण एका मिशीची भानगड मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. ती आठवली की हसू येतं आणि स्वतःची लाजही वाटते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच तिथल्या बँकेचे मॅनेजर आत आले आणि दार लोटून घ्यायला सांगू लागले. त्यांनी कर्जाचे चार अर्ज टेबलावर मांडले. चार नावं, चार गावं, आणि चारही फोटोंत एकच माणूस. काळा कोट, जाड काड्यांचा चष्मा, चापून बसवलेला भांग आणि झुपकेदार मिशी. "पैसे मागायला येतात ते चौघे निराळे," मॅनेजर हळूच म्हणाले, "फोटोतला एकही येत नाही. हाच सूत्रधार." चौघांच्याही खात्यांवर त्यांनी लाल शाईने शेरा मारला होता : फसवणुकीचा संशय, व्यवहार करू नये.

मी तेव्हा नवा होतो, आणि नव्या फौजदाराला टोळीपेक्षा कमी काही चालत नाही. जबाब नाही, चौकशी नाही, मी चारही नावं ठाण्याच्या संशयितांच्या वहीत चढवून मोकळा झालो.

दुसऱ्याच दिवशी चौघांतला एक जण आपल्या पायांनी ठाण्यात हजर झाला. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका खेड्यातला, पंचविशीचा, काडीसारखा पोरगेला माणूस. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती. खोली बांधून तयार, विजेचं मीटर बसलेलं, आणि जालन्यात मस्तगडच्या एका दुकानदाराने गिरणी सोमवारपर्यंत राखून ठेवलेली. सोमवारी बँकेचा कागद पोचला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. एकदा लाल शेरा बसला की तालुक्यातली दुसरी कुठलीही बँक दारात उभं करत नसे, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, मला अटक करा," तो म्हणाला, "न्हाई तर लिहून द्या की ह्यानं काही केलं न्हाई."

मी त्याच्यापुढे फोटो टाकला आणि हा कोण म्हणून दरडावलं. मीच, म्हणाला. कोट कुणाचा? फोटोवाल्याचा. चष्मा? तोही फोटोवाल्याचा.

"आणि मिशी?"

त्याने ओठावरून बोट फिरवलं. "ती पण त्याचीच, साहेब. मला एवढी कुठं आलीय अजून."

माझं डोकंच फिरलं. पोलिसाची टिंगल करतोस काय, म्हणून त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवला. गडी वरमला नाही. रोज पहिल्या एसटीने यायचा, बाकावर बसायचा आणि जो येईल त्याला सांगायचा, "माझा शेरा काढायसाठी चकरा मारून राह्यलो." शेवटी ठाणे अंमलदार त्याच्यासाठीही चहा सांगू लागला.

शुक्रवारी आमचे जमादार काही कामाने माझ्या टेबलाशी आले आणि त्या फोटोंवर थबकले. दोन वर्षांनी निवृत्त होणारे, गरीब स्वभावाचे गृहस्थ. बराच वेळ घुटमळून म्हणाले, "साहेब, हा माणूस माझ्या घरी भिंतीवर पण आहे. माझा मेहुणा म्हणून लावलाय."

मी फोटो पुन्हा नीट पाहिले. चारही कोटांचं मधलं बटण गायब होतं. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

फोटोवाल्याचं दुकान बसस्थानकासमोर. खिळ्याला कोट लटकत होता, खिशात बिनकाचेचा चष्मा. म्हातारा बिलकुल घाबरला नाही. कोटाशिवाय फोटो बँकेत बराबर दिसत नाही, हे त्याचं ठाम मत. मिशी तो प्रिंटवर बारीक पेन्सिलीने भरायचा, त्याचे वेगळे पैसेही घ्यायचा नाही. ज्याला नाही त्याला द्यायची, ज्याला आहे त्याची वाढवायची. मी वर्दीचा शर्ट काढला, कोट चढवला, चष्मा लावला आणि म्हणालो, काढा माझा.

मी तेव्हा दाढीमिशी सफाचट करत असे. शनिवारी प्रिंट हातात आली तेव्हा स्वतःला ओळखायला मलाच दोन मिनिटं लागली.

तसाच त्या गड्याला घेऊन बँकेत गेलो आणि फोटो मॅनेजरांपुढे ठेवला. ते खुर्चीतून उठलेच. "हाच! पाचवा अर्ज! कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," मी म्हणालो.

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. मागे रोखपाल तोंडावर हात धरून हसत होता. मॅनेजर सरळ माणूस होते. चारही शेऱ्यांवर रेघ मारून त्यांनी 'चौकशीअंती रद्द' असं लिहिलं, सही-शिक्का केला आणि गिरणीचा कागदही हातोहात दिला. गड्याने शेरा दोनदा वाचला, कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं आता हा पाया पडतो की काय.

"आन् तुमच्या वहीतलं?" त्याने विचारलं.

बाकावर बसून त्याला वहीचीही खबर लागली होती; मी मात्र साफ विसरलो होतो. मॅनेजरांना अक्कल शिकवणं सोपं होतं. माझ्या वहीतली नोंद काढायची तर कारण लिहावं लागणार, ते वरिष्ठांपर्यंत जाणार. मी म्हणालो, बघू, सवडीने करतो.

"मंग मी बाकावर बसतो," तो म्हणाला.

त्याची जालन्याची गाडी तासाभरात होती, आणि हा खरोखर ठाण्यात येऊन बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही उघडली, चारही नावं खोडली आणि पुढे लिहिलं : 'हे निर्दोष आहेत. नोंद मी खातरजमा न करता केली.' त्याने उभ्याने वाचून घेतलं, मान हलवली आणि एसटीकडे पळत सुटला. गिरणी त्याला मिळाली.

वरून मला ताशेरा आला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. तो काढा म्हणून मी कधी अर्ज केला नाही, कारण तो खरा होता.

माझा तो मिशीवाला फोटो पुढे बदली होईल तिथे टेबलाच्या काचेखाली राहिला. वहीत कुणाचं नाव लिहायला पेन उचललं की आधी त्याच्यावर नजर जायची, आणि बऱ्याचदा पेन परत खाली ठेवलं जायचं. येणारेजाणारे विचारायचे, साहेब, हा कोण?

मी सांगायचो, संशयित.